अठरा वर्षं आणि चाळीस मिनिटं

काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या परदेशातून सुटीवर आमच्या गावी, वेवजीला आला होता. येताना त्यानं माझ्यासाठी स्कॉटलंडच्या सिंगल माल्ट व्हिस्कीची एक बाटली आणली. बाटलीवर १८ हा आकडा होता, म्हणजे आतला ऐवज अठरा वर्षं लाकडी पिंपात मुरलेला. संध्याकाळी ओटीवर आम्ही चार समवयस्क जमलो. स्टीलचे पेले, फ्रिजमधला बर्फ, कोलाची मोठी बाटली, मसाला शेंगदाणे आणि कांदा घालून परतलेली सुकट असा सगळा सरंजाम मांडला. चाळीस मिनिटांत अर्धी बाटली रिकामी झाली. पुतण्या कोपऱ्यात बसून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, ‘‘काका, चव कशी होती?’’

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. एक जण म्हणाला, ‘‘चांगली होती रे. कोला जरा गोड होता.’’

पुतण्या हसला, पण मला ते लागलं. मी आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. समोरच्या द्रवाचा रंग, वास, गुणधर्म नीट बघा आणि मग लिहा, असं प्रयोगशाळेत बजावत आलो. आणि इथं अठरा वर्षांचं काम चाळीस मिनिटांत पोटात गेलं, त्यातलं मला काहीच सांगता आलं नाही. उरलेली अर्धी बाटली मी कपाटात ठेवली आणि हा विषय विद्यार्थ्यासारखा शिकायला बसलो. जे समजलं ते आज आपल्यापुढं ठेवतो आहे.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरानं दारूवर बोलावं का, हा प्रश्न तुमच्याआधी मलाच पडला होता. आमचं वेवजी तलासरी तालुक्यात, अगदी महाराष्ट्राच्या वेशीवर. शेजारचं सोळसुंबा गुजरातमध्ये. १९६०च्या आधी उंबरगावही ठाणे जिल्ह्यातच होतं. मग दोन राज्यं झाली आणि मधून रेघ गेली. मुंबई राज्याचा १९४९चा दारूबंदी कायदा दोघांनाही वारशानं मिळाला. महाराष्ट्रानं परवान्यांची वाट काढली. गुजरातनं काही परवाने आणि अपवाद सोडले, तर बंदी कायम ठेवली. वर वापीच्या पलीकडं दमण आहे. तिथं कर कमी, म्हणून दारू स्वस्त. म्हणजे एकच बाटली एका गावात दुकानात मिळते, दुसऱ्या गावात गुन्हा ठरते आणि तासाभराच्या वाटेवर निम्म्या कौतुकाची होते.

अशा वेशीवर माणसं कशी पितात, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ती घाईत पितात. मोटारसायकल चालू ठेवून, आडोशाला उभ्यानं, पाण्याच्या बाटलीत मिसळून, आजूबाजूला बघत. बाटली पलीकडं नेता येत नाही, म्हणून ती इथंच संपवायची. ही घाई आजची नाही. १८९२ साली इंग्रज सरकारनं ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला. जे फूल आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वेचत होते, खात होते, सणासुदीला त्याची दारू गाळत होते, ते घरात ठेवणंही संशयाचं झालं. मोहफुलांच्या साठवणुकीवरची आणि वाहतुकीवरची बंधनं महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये उठवली. मधल्या सव्वाशे वर्षांत लपूनछपून पिण्याची सवय मात्र मुरली ती मुरलीच.

या घाईच्या पिण्यापायी माझे काही विद्यार्थी गेले. त्यांतले दोघे हुशार होते. तेव्हा मी आज दारूची शिफारस करायला आलेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे, की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं प्रमाण नाही. जो पीत नाही, त्यानं हे भाषण ऐकून सुरुवात करू नये. पण जे पितात, त्यांच्यासाठी एक प्रश्न आहे. आपण जे तोंडात घेतो, ते आपल्याला कळतं का?

आता मूळ विषयाकडं वळू. सिंगल माल्ट म्हणजे काय? माल्ट म्हणजे मोड आणलेलं जव. आपण मटकीला मोड आणतो तसं जव भिजवायचं, मोड फुटू द्यायचे आणि मोड वाढून दाण्यातला सगळा पिठूळपणा खाऊन टाकण्याआधी ते गरम हवेत वाळवायचं. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. ती पिष्टाची साखर करतात. नाचणीचं सत्त्व करताना आपल्या आज्या हेच करत होत्या. मग हे जव भरडून गरम पाण्यात घालायचं, गोड पाणी काढून घ्यायचं आणि त्यात यीस्ट घालून ते आंबवायचं. दोन-तीन दिवसांत बिअरसारखा सात-आठ टक्के मद्यार्काचा द्रव तयार होतो. तो तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुतेक ठिकाणी दोनदा गाळतात. तांबं इथं केवळ शोभेला नाही. गंधकाची वास मारणारी संयुगं ते धरून ठेवतं. ‘सिंगल’ याचा अर्थ, हे सगळं एकाच कारखान्यात झालेलं आहे आणि दुसरं कुठलंही धान्य त्यात नाही.

इथं मला आपल्याकडचा एक शब्दप्रयोग आठवतो. ‘पहिल्या धारेची’. आपल्याकडं त्यात मोठी शान आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र भट्टीवरचा माणूस पहिली धार बाजूला काढतो. त्यात लवकर उडणारी, झणझणीत, डोकं धरवणारी द्रव्यं असतात. शेवटची धारही तो घेत नाही, कारण तिला ओल्या कांबळ्यासारखा जड वास येतो. मधला भाग तेवढा पिंपात जातो. बाकीचं पुन्हा भट्टीत. किती मिनिटांनी पहिली धार तोडायची आणि मधली कुठं थांबवायची, यावर त्या कारखान्याची चव ठरते. शिवाय जिथं कोणी नीट गाळतच नाही, उलट कारखान्यातलं मिथेनॉल आणून मिसळतात, तिथं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं त्यानं मेली. २०२२ मध्ये गुजरातेत बोटादच्या बाजूला तेच झालं.

आणखी एक खुलासा. आपल्याकडं दुकानात ‘व्हिस्की’ म्हणून जे स्वस्तात मिळतं, त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांत मुख्यतः साखर कारखान्यातल्या मळीपासून काढलेला मद्यार्क असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की आणि रंग-वास मिसळलेले असतात. युरोपच्या नियमात व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून तिथं अशा बाटलीला व्हिस्की म्हणता येत नाही. तेव्हा आपण जिला वर्षानुवर्षं व्हिस्कीची चव समजत होतो, ती अनेकदा ऊसाच्याच घराण्यातली होती.

भट्टीतून निघालेली व्हिस्की पाण्यासारखी पांढरी असते. सत्तर टक्क्यांच्या जवळपास मद्यार्क आणि जिभेला चटका. तिला तो सोनेरी, मधासारखा रंग येतो लाकडातून. स्कॉटलंडच्या कायद्याप्रमाणं ती ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं ठेवावी लागते आणि पिंप सातशे लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बरीचशी पिंपं अमेरिकेतून येतात. तिथं बोर्बन नावाची मक्याची व्हिस्की करतात आणि तिच्यासाठी दर वेळी आतून जाळलेलं कोरं पिंपच वापरावं लागतं. एकदा वापरलेलं पिंप त्यांना पुन्हा चालत नाही, ते स्कॉटलंडला जातं. काही पिंपं स्पेनमध्ये शेरी वाइननं मुरवलेली असतात.

आता आत काय घडतं? दिवसा, उन्हाळ्यात द्रव फुगतो आणि लाकडात शिरतो. थंडीत आकसून बाहेर येतो. अशा येरझाऱ्यांत लाकडातलं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं. आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचं द्रव्य तेच. ओकमधली लॅक्टोन नावाची द्रव्यं ओल्या खोबऱ्याचा वास देतात. टॅनिन तुरटपणा देतं. जळलेला कोळसा उग्र वास शोषून घेतो. लाकडातून हळूहळू आत येणारी हवा बाकीच्या द्रव्यांना एकमेकांशी जुळवून घ्यायला लावते. कैरीच्या फोडी, मीठ, मोहरी आणि तेल बरणीत घातल्या दिवशी चार वेगळ्या वस्तू असतात आणि सहा महिन्यांनी लोणचं होतं, तसंच हे. म्हणून मला ‘मुरलेली’ हा शब्दच तिला योग्य वाटतो.

याच्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मुरणं पिंपात होतं, बाटलीत नाही. काच काही देत नाही. बारा वर्षांची बाटली कपाटात दहा वर्षं ठेवली, तर ती बावीस वर्षांची होत नाही. बाराचीच राहते. जपून ठेवलेली बाटली मुलाच्या लग्नात मोठ्या अभिमानानं उघडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरी, बाटलीवरचा आकडा आतल्या सर्वांत कोवळ्या पिंपाचा असतो. १८ लिहिलं असेल, तर आत वीस-बावीस वर्षांचीही असू शकते, पण सतराची एक थेंबही नाही.

मग जितकी वर्षं जास्त, तितकी चांगली का? तसंही नाही. चहाची पत्ती फार उकळली की चहा कडवट होतो. पिंपात फार राहिलेल्या व्हिस्कीलाही नुसतं लाकूड लागतं. किती वर्षं पुरेत, हे हवामानावर ठरतं आणि इथं आपल्या देशाची गोष्ट येते.

पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. स्कॉटलंडमध्ये तिला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. थंड हवेत हा वाटा वर्षाला सुमारे दोन टक्के. आपल्याकडच्या उन्हात तो दहा टक्क्यांच्या आसपास जातो. फळ्यावर मांडून बघा. दोनशे लिटरचं पिंप स्कॉटलंडमध्ये अठरा वर्षं ठेवलं, तर साधारण १३९ लिटर उरतं. तेच पिंप दहा टक्क्यांच्या हिशेबानं आपल्याकडं ठेवलं, तर पाचच वर्षांत ११८ लिटरवर येतं. अठरा वर्षं थांबलात, तर हाती तीस लिटर राहतील. पण उष्णतेनं जसं उडणं वाढतं, तसं लाकडाशी चालणारं कामही वाढतं. म्हणून इथली चार-पाच वर्षांची व्हिस्की तिकडच्या बऱ्याच जास्त वर्षांच्या व्हिस्कीच्या तोडीची मुरलेली लागते.

हे जगाला दाखवून दिलं बंगळूरच्या जगदाळ्यांनी. आडनाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतात. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये बंगळूरला अमृत डिस्टिलरी काढली. त्यांचे चिरंजीव नीलकंठ जगदाळे यांनी सिंगल माल्ट बाटलीत भरायचं धाडस केलं. त्यांचा मुलगा रक्षित इंग्लंडमध्ये न्यूकासलला व्यवस्थापन शिकत होता. ब्रिटनमध्ये भारतीय सिंगल माल्ट खपेल का, हा त्यानं अभ्यासाचाच विषय केला. ऑगस्ट २००४ मध्ये अमृत बाजारात आली, तीही थेट ग्लासगोत, म्हणजे व्हिस्कीच्या माहेरघरात. लोकांनी आधी नाक मुरडलं. मग २०१० सालच्या आपल्या ‘व्हिस्की बायबल’ या पुस्तकात जिम मरी या समीक्षकानं ‘अमृत फ्यूजन’ला शंभरपैकी ९७ गुण देऊन जगात तिसरा क्रमांक दिला आणि मुरडलेली नाकं पेल्यात शिरली. २०१३ मध्ये त्यांनी आठ वर्षं मुरलेली एक बाटली काढली. तिचं नाव होतं ‘ग्रीडी एंजल्स’, हावरे देवदूत. उडून गेलेल्या व्हिस्कीचा तो हिशेबच होता.

गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाची सिंगल माल्ट तयार होते. २०१२ मध्ये ती ब्रिटनच्या बाजारात उतरली. काजूची फेणी गाळणाऱ्या मुलखाला भट्टीचं कौतुक नवं नव्हतंच. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं होतं. आपल्या नाशिकजवळ दिंडोरीतल्या सिंगल माल्टचीही ‘लाँजिट्यूड ७७’ या नावानं २०२२ मध्ये बाटली आली. म्हणजे हा विषय आता फक्त परदेशातून येणाऱ्या पुतण्यांचा राहिलेला नाही.

आता चाखायचं कसं, ते सांगतो.

आधी भांडं. स्टीलचा पेला नको, रुंद तोंडाचा ग्लासही नको. खाली फुगीर आणि वर निमुळता, कमळाच्या कळीसारखा काचेचा पेला घ्यावा. वास तळाशी जमतो आणि अरुंद तोंडातून वर येतो. असा पेला नसेल, तर लहान वाइनग्लास चालतो. व्हिस्की तीस मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. बर्फ नको, कारण गारठ्यानं वासाची द्रव्यं उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. मसाला शेंगदाणे आणि सुकट त्या दिवशी बाजूलाच ठेवा. उदबत्तीही लावू नका.

रंग बघा, पण त्यावर विश्वास ठेवू नका. गडद म्हणजे जुनी असं नसतं. स्कॉटलंडच्या कायद्यात जाळलेल्या साखरेचा रंग घालायला परवानगी आहे.

मग वास. खरी मजा इथं आहे आणि इथंच आपण चुकतो. पेला एकदम नाकाशी नेऊन जोरात हुंगला, तर मद्यार्काचा भपकारा बसतो आणि पुढची पाच मिनिटं नाक कामातून जातं. पेला आधी हनुवटीजवळ धरा. तोंड किंचित उघडं ठेवा आणि साधा श्वास घ्या. पहिल्या श्वासात फक्त दारू कळेल. खाली ठेवा, थांबा, पुन्हा घ्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिच्या मागून एकेक पाहुणा बाहेर येऊ लागतो.

या पाहुण्यांची नावं कशी सांगायची, ही माझी मोठी अडचण होती. इंग्रजी पुस्तकांत हेदर, टॉफी, ख्रिसमसचा केक अशी वर्णनं असतात. हेदर नावाचं झुडूप मी बघितलेलं नाही. त्या नावांच्या नादानं मला वाटायचं, आपल्याला नाकच नाही. एकदा उरलेल्या बाटलीतली थोडी पेल्यात घेऊन बसलो होतो. अंगणात डहाणूहून आणलेल्या चिकूची करंडी होती, दोन दिवस अढीत पिकलेली. आणि एकदम लक्षात आलं, की हाच तो वास! पिकून सालीला सुरकुती पडलेला चिकू. त्यामागं काकवी. मग मनुका, मग सुताराच्या दुकानात नव्या फळीला रंधा मारल्यावर येतो तसा वास, आणि अगदी शेवटी सुंठ. ज्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्याच पंचक्रोशीत राहून मी परक्या झुडपाचा वास शोधत बसलो होतो! तुमच्या ओळखीचा वास शोधा. आजीची पेटी, भाताचा कोंडा, पहिला पाऊस, होळीची राख, काहीही. जव वाळवताना पीट नावाची दलदलीतली माती जाळली असेल, तर चुलीच्या धुराचा किंवा जखमेवर लावायच्या आयोडीनचा वास येईल. तो काहींना मुळीच सोसत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चव म्हणजे बरीचशी वासच असते. याचा एक साधा प्रयोग मी वर्गात करायचो. नाक चिमटीत धरून चिकूची फोड खा. गोड लागेल, पण चिकू आहे हे कळणार नाही. नाक सोडा, चिकू परत येतो. घास चावताना वास घशामागून नाकात चढतो, म्हणून असं होतं. सर्दीत जेवण बेचव लागतं तेही याचमुळं.

त्यामुळं घोट अगदी लहान घ्या. चहाच्या चमच्याएवढा. गिळू नका. सगळ्या जिभेवरून, हिरड्यांजवळून फिरवा. पहिल्या घोटाला फक्त तिखटपणा लागतो, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या घोटात गोड काय, तुरट काय, तेलकट आहे की पातळ, ते कळायला लागतं. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं श्वास सोडा आणि मोजा. चव किती वेळ रेंगाळते? साध्या दारूची लगेच संपते. चांगली मुरलेली असेल, तर मिनिटभर तरी तोंडात काहीतरी बदलत राहतं. माझ्या त्या बाटलीत आधी गोड, मग लाकूड आणि शेवटी बडीशेप चावल्यासारखं काहीतरी राहायचं.

आता पाणी. व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे कमीपणा, असं काही जण मानतात. उलट या धंद्यातले जाणकार मिश्रण करताना पाणी घालून ती वीस टक्क्यांपर्यंत उतरवतात आणि मग हुंगतात. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर याचं कारण शोधलं. धुरकट वासाचं ग्वायकोल नावाचं द्रव्य आहे. मद्यार्क फार तीव्र असला, तर मद्यार्काचे रेणू त्याला घेरून द्रवाच्या पोटात ठेवतात. पाणी घालून मद्यार्क ४५ टक्के किंवा त्याखाली आला, की ते पृष्ठभागाशी येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. म्हणून चमच्यानं थेंब थेंब पाणी घाला आणि प्रत्येक वेळी हुंगा. एका टप्प्यावर वास फुलतो. त्यापुढं तो पातळ होतो. तो टप्पा प्रत्येक बाटलीचा वेगळा असतो.

या सगळ्याला तीस मिलिलिटरसाठी पाऊण तास लागतो. सुरुवातीला मला वाटलं होतं, की हे शहरी, पैसेवाल्यांचं कौतुक आहे. तो समज मोडला आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या एका वारली म्हाताऱ्यानं. तो ताडाच्या झाडावर चढून ताडी काढतो. वारली चित्रांत ताडावर चढणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तसाच, कमरेला मडकं बांधून.

ताडीचं वय तासांत मोजतात. रात्रभर पोयीतून थेंब थेंब रस मडक्यात पडतो. पहाटे तो ताजा, गोड असतो. मडक्याला आतून चुना लावून आंबणं रोखलं, तर ती नीरा. नाही लावला, तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. सकाळी गोड, दुपारी आंबटगोड आणि फेसाळ, संध्याकाळपर्यंत चार-पाच टक्के मद्यार्काची आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याच्या वाटेला. म्हातारा मडक्यावर नाक नेतो आणि सांगतो, ही कुठल्या झाडाची, कधी उतरवली, कालच्या मडक्यात विसळल्याशिवाय भरली का. त्याला कुणी समीक्षक म्हणत नाही.

बाटलीत शेवटचे दोन-तीन घोट उरले होते तेव्हा मी त्याला बोलावलं. पेल्यात थोडी ओतली आणि काही न सांगता हातात दिली. तो प्यायला नाही. पेला दोन्ही हातांत धरून बसला. हुंगला, बाजूला केला, पुन्हा हुंगला. जे मी पुस्तकं वाचून शिकलो, ते तो न सांगता करत होता.

‘‘लाकूड आहे यात,’’ तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, ‘‘पिकला चिकू.’’

मी त्याला अठरा वर्षांची गोष्ट सांगितली. पिंपाची, दरवर्षी उडून जाणाऱ्या वाट्याची. तो ऐकत राहिला. म्हणाला, ‘‘गुरुजी, अठरा वर्षं थांबायला घरात खायला पाहिजे. आमची ताडी दुपारपर्यंत थांबत नाही, आम्ही कुठं थांबणार?’’ हे ऐकून मी गप्प झालो. मुरवणं ही चैन आहे, हे कुठल्या पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं मला सापडलं नव्हतं.

त्यानं एक लहान घोट घेतला. बराच वेळ तोंडात ठेवला. मग पेला खाली ठेवला. निम्मी तशीच होती. मी म्हटलं, ‘‘घ्या की, संपवा.’’ तो उठत म्हणाला, ‘‘नको. पहाटे झाडावर चढायचंय.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)